सावनेरचा कोळसा आणि मध्यप्रांतांतील पर्जन्य : हवामानबदलाच्या पुराव्याचा विचार

सावनेर हें नागपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव नागपूरच्या वायव्येस, कोलार नदीच्या कांठीं आहे. त्याचें प्राचीन नांव सारस्वतपूर असून जैमिनीच्या अश्वमेधांतील वीरवर्मा राजाची राजधानी ती हीच, अशी एक समजूत चालत आलेली आहे. ती मानण्यास पुरेसें कारण दिसत नाहीं. पांडवांचा घोडा जेथें जेथें अडविला गेला म्हणून सांगतात, तीं सर्व गांवें एका रेषेनें जोडूं गेल्यास त्या घोड्यास दाणावैरण खाण्याची तरी उसंत मिळाली असेल कीं नाहीं, ह्याची शंका वाटते. परंतु पुराणांतील नगरीपेक्षां फार जुना, आणि ज्याच्या अस्सलपणाविषयीं वाद नाहीं, असा एक लेख ह्या तालुक्याच्या भूमींत आहे. तो म्हणजे येथील वालुकापाषाणांत उमटलेलीं पानें व त्या पाषाणाखालचा कोळसा. मनुष्याच्या कृतीनें पृथ्वीचें हवामान पालटत आहे, हा जो सिद्धांत आज सर्वत्र ऐकूं येतो, त्याचा पुरावा तपासण्यास सावनेर हें मोठें सोईचें स्थळ आहे. ज्या कोळशावर आरोप आहे तो येथें निघतो व येथेंच जळतो. शिवाय, मनुष्यामुळें पाऊस पालटला असा एक सिद्धांत पूर्वीं ह्याच प्रांतांतील आंकड्यांवर उभारला गेला होता, आणि तो टिकला नाहीं. त्या जुन्या सिद्धांताची हकीकत पाहिल्यावांचून आजच्या सिद्धांताची किंमत नीट ठरवितां येणार नाहीं.

सावनेर तालुक्यांतील पाषाणपत्रांकडे पहिल्यानें शास्त्रीय दृष्टीनें पाहणारा गृहस्थ स्टीफन हिस्लॉप होय. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी १८४५ सालीं, तिसऱ्या रघूजी भोंसल्याच्या कारकीर्दींत, नागपुरास आला. धर्मप्रचाराच्या फिरतींत दगड, शिंपले, गोंडांचीं गाणीं, जुनीं शिलावर्तुळें असें जें जें दिसेल तें तो टिपून ठेवी. रॉबर्ट हंटर ह्या सहकाऱ्यासह लिहिलेला नागपूरच्या भूस्तरांवरील त्याचा निबंध लंडनच्या भूस्तरशास्त्रीय सभेच्या त्रैमासिकांत १८५५ सालीं छापला गेला. कन्हान नदीजवळील सिल्लेवाडा येथील खाणींतून त्यानें जमविलेल्या पर्णावशेषांचें वर्णन १८६१ सालीं चार्लस बनबरी ह्यानें केलें. त्यांत मुख्य पान ग्लॉसॉप्टेरिस नांवाच्या वनस्पतीचें. जिभेच्या आकाराचें, मध्यें ठळक शीर व दोहों बाजूंस जाळीदार शिरा असलेलें. हिस्लॉपचा अंत १८६३ च्या ४ सप्टेंबर रोजीं झाला. टाकळघाटची शिलावर्तुळें पाहून रात्रीं परततांना पावसानें फुगलेल्या ओढ्यांत तो बुडाला. त्याचे गोंडांविषयींचे कागद सर रिचर्ड टेंपल ह्यानें १८६६ सालीं प्रसिद्ध केले, म्हणूनच ते आज आपल्या हातीं आहेत. संशोधकाबरोबर त्याच्या टिपणांचीहि राख होण्याचा प्रघात आपल्याकडे मोठा. हिस्लॉपचें नशीब एवढ्यापुरतें बरें.

ज्या पानांचे ठसे सिल्लेवाड्यास वर दिसतात, त्याच जातीच्या अरण्यांचा गाळ दबून खालचा कोळसा झालेला आहे. हा काळ सुमारें २५ ते ३० कोटि वर्षांपूर्वींचा. ह्या स्तरसमूहास गोंडवन हें नांव गोंड राजांच्या मुलखावरून पडलें, आणि १८८५ सालीं व्हिएन्नाचा भूस्तरशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस ह्यानें हिंदुस्थान, आफ्रिका इत्यादि खंड एके काळीं जोडलेले होते असें प्रतिपादून त्या लुप्त खंडास तेंच नांव दिलें. देवगडच्या गोंडांचें राज्य बख्तबुलंदाच्या पश्चात् फार टिकलें नाहीं. नांव मात्र पृथ्वीच्या इतिहासांत कायमचें राहिलें. ह्या कोळशाच्याहि खालीं तालचेर म्हणून जे स्तर येतात, त्यांत ओरिसांत विल्यम व हेन्री ब्लॅनफर्ड ह्या बंधूंना व त्यांच्या सहकाऱ्यास १८५६ च्या सुमारास मोठमोठे गोटे बारीक चिखलांत रुतलेले आढळले, आणि हें काम बर्फाचें आहे असें त्यांनीं धीटपणें लिहिलें. उष्ण हिंदुस्थानांत बर्फ होतें हें त्या वेळीं कोणासहि चटकन् पटण्यासारखें नव्हतें. पुढें तें खरें ठरलें. म्हणजे हवामान मनुष्याच्या पूर्वींहि पालटत होतें, आणि फार मोठ्या प्रमाणांत पालटत होतें. आजच्या सिद्धांताविरुद्ध जो पहिला आक्षेप घेण्यांत येतो तो हाच. त्याचें उत्तर पुढें येईल.

ह्या दोन बंधूंपैकीं हेन्री ब्लॅनफर्ड दगड सोडून आभाळाकडे वळला व १८७५ सालीं हिंदुस्थान सरकारचा पहिला वेधशाळाप्रमुख झाला. त्याच्या हातून मध्यप्रांताविषयीं जें लिखाण झालें, तेंच आपल्या विषयाचा कणा आहे.

जंगल तोडल्यानें पाऊस कमी होतो ही कल्पना त्या वेळीं नवी नव्हती. मुंबई इलाख्याचा पहिला जंगलाधिकारी डॉ. अलेक्झांडर गिब्सन व मद्रासेकडील एडवर्ड बाल्फोर ह्यांनीं १८४० नंतरच्या दशकांत ती आग्रहानें मांडली होती, आणि १८५२ सालीं ब्रिटिश असोसिएशननें नेमलेल्या समितीचा ह्या विषयावरील अहवालहि छापला गेला होता. परंतु मोजमाप कोणाजवळच नव्हतें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, त्या पाठोपाठ तेथें जंगलखातें आलें, जिल्ह्याजिल्ह्यांत पर्जन्यमापकें बसलीं. सातपुड्यांतील गोंड व बैगा लोक डोंगरउतारावरील झाडें तोडून, वाळवून, जाळून त्या राखेंत बीं पेरीत. ह्या शेतीस बेवर किंवा दह्या म्हणत. जंगलखात्यानें ती बंद करण्याचा सपाटा लाविला, आणि १८७५ च्या सुमारास विस्तीर्ण प्रदेशांत ती बंद झाली असें खात्यानें कळविलें. ब्लॅनफर्डनें हा एक अनायासें घडलेला प्रयोगच मानिला. बदनूर, छिंदवाडा, सिवनी, मंडला, बिलासपूर, रायपूर अशा ठिकाणांचा १८७५ पूर्वींचा पाऊस व नंतरच्या सुमारें १० वर्षांचा पाऊस त्यानें शेजारीं शेजारीं मांडला. नंतरचा पाऊस अधिक निघाला. जंगल राखल्यानें पाऊस वाढला असा पक्ष ह्या आंकड्यांनीं बळकट होतो, असें त्यानें १८८७ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. छिंदवाडा सावनेरहून उत्तरेस जाणाऱ्या सडकेवरचेंच गांव. तेव्हां हा निष्कर्ष आपल्या उंबऱ्याशींच येऊन ठेपला होता.

ब्लॅनफर्ड हा उतावळा मनुष्य नव्हता. हिमालयावरील बर्फ अधिक पडल्यास पुढील पावसाळा दुबळा होतो, हें त्याचें १८८४ सालचें अनुमान आजहि शास्त्रज्ञ विचारांत घेतात. परंतु ह्या प्रकरणीं त्याच्या हातीं होतीं अवघीं १५-२० वर्षांचीं टिपणें. १८९६ सालीं मध्यप्रांतांत पावसानें दगा दिला. १८९९ सालीं तर दुष्काळानें कहर केला. जंगलें राखलेलींच होतीं, पाऊस मात्र गेला. १९०४ सालीं वेधशाळेच्या प्रमुखपदीं आलेला गिल्बर्ट वॉकर हा मुळांत केंब्रिजचा गणिती. त्यानें हिंदुस्थानच्या हवामानांत कायमचा पालट झाल्याचा जो समज होता त्याचा सर्व आंकड्यांनिशीं विचार करून १९१० सालीं निकाल दिला, कीं पावसाची ही चढउतार फार विस्तीर्ण प्रदेशावर एकदम होते, व तिचें कारण जंगलतोडींत शोधण्यास आधार नाहीं. १९१६ सालीं जंगलखात्याच्याच हिल नांवाच्या अधिकाऱ्यानें सर्व प्रांतांच्या चौकशीचा गोषवारा प्रसिद्ध केला. त्यांतहि जंगलाचा पावसाशीं संबंध निर्विवाद सिद्ध झाला नाहीं. वॉकरनें पुढें १९२० नंतरच्या दशकांत पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा जो झोंका दाखवून दिला, त्यावरून आज असें म्हणतां येतें कीं १८९६ व १८९९ ह्या दोन्ही वर्षांचें अवर्षण दूरच्या पॅसिफिक समुद्राच्या तापण्याशीं, ज्यास आतां एल निनो म्हणतात त्याच्याशीं, निगडित होतें. बेवर करणाऱ्या बैग्याचा त्यांत कांहीं हात नव्हता.

येथें एका गोष्टीकडे दुर्लक्ष करूं नये. बेवर बंद करण्याचा हेतु मुळांत लांकूड व महसूल हा होता. १८६५ व १८७८ च्या कायद्यांचा रोख तोच आहे. पावसाचा युक्तिवाद मागाहून येऊन त्या बंदीस लोककल्याणाचा मुलामा देऊन गेला. १८९० सालीं मंडला जिल्ह्यांत बैगा चक म्हणून एक तुकडा राखून तेवढ्यापुरती त्यांची शेती चालूं ठेवण्यांत आली, आणि त्या लोकांची पुढें काय दशा झाली हें व्हेरिअर एल्विननें १९३९ च्या आपल्या ग्रंथांत विस्तारानें लिहिलें आहे. अपुऱ्या पुराव्यावर उभारलेल्या शास्त्रीय अनुमानाची किंमत ज्यानें तें अनुमान कधीं ऐकलेंहि नाहीं त्यास द्यावी लागते. म्हणून हवामानबदलाच्या पुराव्याची छाननी करणाऱ्यास सरसकट संशयखोर ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. छाननी झालीच पाहिजे; प्रश्न एवढाच कीं ती केल्यावर काय उरतें.

ब्लॅनफर्डच्या युक्तिवादाचें मर्म पाहिलें तर त्यानें कार्यावरून कारण ओळखलें. पाऊस वाढला, त्याच सुमारास जंगल राखलें गेलें, म्हणून जंगलानें पाऊस वाढविला. जंगल किती वाढलें ह्याचें माप नव्हतें. झाडांच्या निःश्वासांतून निघालेली वाफ किती व ती कोठें पडली ह्याचा हिशोब नव्हता. आणि ज्याच्याशीं तुलना करावी तो काळ तोकडा होता. कोळशाच्या बाबतींत ओघ उलट आहे. येथें कारण अगोदर कळलें, कार्य मागाहून दिसलें.

१८५६ सालीं अमेरिकेंतील यूनिस फूट ह्या विदुषीनें कांचेच्या नळ्या उन्हांत ठेवून दाखविलें कीं कार्बनिक आम्लवायूनें, ज्यास आतां कार्बन डायऑक्साइड म्हणतात त्यानें, भरलेली नळी साध्या हवेपेक्षां अधिक तापते. १८५९ सालीं लंडनांत जॉन टिंडल ह्यानें, पृथ्वीपासून बाहेर जाणारी अदृश्य उष्णता हा वायु व पाण्याची वाफ अडवून धरतात, हें उपकरणांनीं सिद्ध केलें. १८९६ सालीं, म्हणजे मध्यप्रांत दुष्काळांत होरपळत असतां, स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियसनें हा वायु दुप्पट झाल्यास पृथ्वी ५ ते ६ अंश तापेल असें हातानें गणित करून काढलें. त्या गृहस्थास त्यांत संकट दिसलें नाहीं. थंड देशाचा तो रहिवासी, त्यास ती शुभवार्ताच वाटली. १९३८ सालीं इंग्लंडांतील गाय कॅलेंडर ह्या इंजिनियरानें जगांतील तापमानाच्या नोंदी गोळा करून पृथ्वी तापूं लागली आहे असें मांडलें, तेव्हां तज्ज्ञांनीं त्याच्यावर शंकाच घेतल्या. हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर चार्लस कीलिंगनें १९५८ पासून वायूचें नित्य मोजमाप सुरू केलें. त्या वर्षीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. दक्षिण ध्रुवाकडील बर्फांत अडकलेले जुन्या हवेचे बुडबुडे फोडून पाहिले असतां गेल्या आठ लक्ष वर्षांत हें प्रमाण ३०० च्या वर विशेष कधीं गेलें नव्हतें, व कारखान्यांच्या युगापूर्वीं तें २८० च्या आसपास होतें, असें दिसतें.

आतां कोणी विचारील, कीं हा वाढलेला वायु कोळशाचाच कशावरून? समुद्रांतून किंवा ज्वालामुखींतून आला नसेल कशावरून? ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्या वाचकांस विशेष गोड लागेल, कारण तें ज्या साधनानें मिळतें तें आपल्याच उपयोगाचें आहे. पुरातन लांकडाचा काळ ठरविण्यास कार्बन १४ ह्या किरणोत्सर्गी अणूची मोजदाद करतात. हा अणु सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. म्हणून २५ कोटि वर्षें पुरलेल्या सिल्लेवाड्याच्या कोळशांत तो लेशमात्रहि शिल्लक नसतो. तेव्हां हवेंत मिसळलेला धूर जर जुन्या कोळशाचा असेल, तर अलीकडे वाढलेल्या झाडांत कार्बन १४ चें प्रमाण जुन्या झाडांपेक्षां कमी भरलें पाहिजे. १९५५ सालीं हान्स झ्यूस ह्यानें झाडांचीं वलयें तपासून तें तसेंच भरतें असें दाखविलें. हा हान्स म्हणजे गोंडवनखंडाचें नांव ठेवणाऱ्या एडुआर्ड झ्यूसचा नातू. आजोबांनीं ज्या भूमीस नांव दिलें, तिच्यासारख्या भूमींतून निघालेल्या धुराचें मोर्तब नातवानें ओळखलें. पुढें अणुबाँबच्या चांचण्यांनीं हवेंत कृत्रिम कार्बन १४ मिसळला व हा पुरावा गढूळ झाला. म्हणून १९५० पूर्वींच्या वलयांचें महत्त्व अधिक. शिवाय हवेंतील प्राणवायुहि ज्वलनाच्या हिशोबास जुळेल असा घटत आहे. समुद्रांतून वायु बाहेर पडला असता तर असें झालें नसतें; उलट समुद्र हा वायु शोषून अधिक आम्ल होत चालला आहे.

मूळ कारणाची ही बाजू सावनेर तालुक्यांत डोळ्यांनीं पाहतां येते. सावनेर, सिल्लेवाडा, पाटणसावंगी ह्या पट्ट्यांतील खाणी आतां वेस्टर्न कोलफील्ड्स ह्या सरकारी कंपनीकडे आहेत. ती १९७५ सालीं स्थापन झाली व तिचें मुख्य ठाणें नागपूर. त्याच तालुक्यांत खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्राची शक्ति १,३४० मेगावॅट आहे. कोळशाच्या विजेच्या एका युनिटामागें सुमारें एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, असा स्थूल हिशोब आहे. हें केंद्र दिवसभर पूर्ण शक्तीनें चाललें तर सव्वातीन कोटींच्या आसपास युनिटें निघतील, आणि त्यांबरोबर सुमारें ३२ हजार टन वायु आकाशांत जाईल. जगांतील सर्व कोळसा, तेल व जळाऊ वायु मिळून ही बेरीज वर्षास ३,७०० कोटि टनांच्या घरांत जाते, व तिचा निम्म्याच्या आसपास भाग हवेंतच राहतो. सावनेरचा वांटा ह्यांत नगण्य आहे हें खरें. पण जगांत सावनेरें पुष्कळ आहेत. आणि ह्या खाणींवर व त्या केंद्रावर ज्यांचे संसार चालतात त्यांस केवळ धुराचा हिशोब ऐकवून चालणार नाहीं, हेंहि तितकेंच खरें. बैग्यांची गोष्ट वर सांगितली ती ह्याचसाठीं.

कार्याकडे वळूं. पृथ्वीच्या पृष्ठभागाचें सरासरी तापमान १८५० ते १९०० ह्या काळाच्या मानानें २०११ ते २०२० ह्या दशकांत सुमारें १.१ अंश सेल्सिअस अधिक होतें, आणि ही वाढ मनुष्यकृत आहे ह्यांत संशय उरलेला नाहीं, असा १९८८ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय समितीचा २०२१ चा निर्णय आहे. हिंदुस्थानापुरती ही वाढ १९०१ ते २०१८ ह्या काळांत सुमारें ०.७ अंश आहे, असें केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालांत दिलें आहे. सूर्यच अधिक तापला असेल, ही शंका वाजवी आहे; पण सूर्य कारण असता तर हवेचे खालचे व वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षांत खालचा थर तापत आहे व वरचा निवत आहे. खालची उष्णता वर जाण्यापूर्वीं अडविली जात असेल तर असेंच झालें पाहिजे. प्राचीन काळीं मनुष्याविना हवामान पालटलें, हा जो आक्षेप मागें सांगितला, त्याचेंहि उत्तर ह्यांत येतें. पूर्वीं घरास वीज पडून आग लागली म्हणून आज ती कोणी लावलीच नाहीं असें ठरत नाहीं. आजच्या आगीचा पंचनामा स्वतंत्रपणें करावा लागतो, आणि तो वरीलप्रमाणें झालेला आहे.

साधनांविषयीं मात्र दक्षता हवी. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांत तापमापक गवती छपराच्या उघड्या मांडवांत टांगीत. पुढें झडपांची स्टीव्हन्सन पेटी आली. एका मांडणीचे आंकडे दुसरीच्या आंकड्यांस सरळ जोडतां येत नाहींत. शहर वाढलें कीं वेधशाळेभोंवतालचे दगडविटा तापतात. २०२४ च्या ३० मे रोजीं नागपुरांतील एका स्वयंचलित यंत्रानें ५६ अंश तापमान दाखविलें, व ती वार्ता देशभर पसरली. जवळच्या इतर केंद्रांवर पारा ४४ अंशांच्या आसपास होता. यंत्राचा तो दोष होता असें वेधशाळेनें लगेच जाहीर केलें. यंत्र हाहि एक लेखनिकच आहे, त्याच्याहि हातून चुका होतात. आणि एकाच प्रतीवर पाठ ठरवूं नये हा पोथ्यांचा नियम येथेंहि लागू पडतो. जगांतील तापमानवाढ हजारों ठाण्यांच्या, जहाजांच्या, विहिरींच्या व बर्फाच्या साक्षींवरून ठरलेली आहे. त्यांतील एकदोन प्रती भ्रष्ट निघाल्यानें मूळ पाठ बदलत नाहीं.

खरी अनिश्चितता आहे ती परिमाणाची आणि पावसाची. वायु दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल ह्यास १९७९ सालीं अमेरिकन तज्ज्ञांच्या समितीनें १.५ ते ४.५ अंश अशी मर्यादा घातली. तेव्हांपासून ४० वर्षें खपून ती २.५ ते ४ अंश इतकीच आंवळतां आली आहे. ढगांचें वर्तन हा मुख्य अडसर. ते उन्हास परतवितात आणि उष्णतेस अडवितातहि. मोसमी पावसाविषयीं तर साध्या अपेक्षेच्या उलट घडलें. समुद्र तापला म्हणजे वाफ अधिक, वाफ अधिक म्हणजे पाऊस अधिक, असें गणित सांगतें. प्रत्यक्षांत १९५१ ते २०१५ ह्या काळांत हिंदुस्थानचा मोसमी पाऊस सुमारें ६ टक्के कमी झाला, विशेषतः गंगेच्या मैदानांत व सह्याद्रीवर. ह्याचें एक कारण असें मानितात कीं त्याच कोळशाच्या व इतर ज्वलनाच्या धुरांतील सूक्ष्म कण ऊन अडवून जमीन थंड ठेवतात, त्यामुळें जमीन व समुद्र ह्यांमधील तापमानाचें अंतर घटून वारे दुबळे पडतात. म्हणजे एकाच धुराड्यांतून पृथ्वी तापविणारा वायु व तिला झांकणारी धूळ अशा दोन्ही वस्तु निघतात. धूळ थोड्या दिवसांत खालीं बसते, वायु शतकानुशतकें राहतो. धूर स्वच्छ झाल्यावर पाऊस किती वाढेल ह्याविषयीं गणितांत एकवाक्यता नाहीं.

मध्यहिंदापुरतें मात्र एक लक्षण बरेंच स्पष्ट आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेंतील बी. एन. गोस्वामी व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००६ सालीं दाखविलें, कीं १९५१ ते २००० ह्या काळांत मध्यहिंदांत मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले व मध्यम पावसाचे घटले. एकूण बेरीज फारशी न बदलल्यानें हा फरक लपून राहिला होता. २०१७ सालीं त्याच संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल प्रभृतींनीं विस्तृत अतिवृष्टीच्या प्रसंगांत १९५० पासून तिपटीनें वाढ झाल्याचें लिहिलें. शेतकऱ्यास वार्षिक सरासरीचा उपयोग थोडा. कापसाच्या बोंडावर आठवडाभर रिपरिप पडली किंवा एका रात्रींत शेत वाहून गेलें, दोन्ही पावसाचे इंच तेच भरतात.

आणखी एक चमत्कार सांगावयाचा राहिला. २०१६ सालीं मुंबईच्या तंत्रशास्त्रसंस्थेंतील सुबिमल घोष व त्यांचे सहकारी ह्यांनीं असें मांडलें, कीं जंगलाच्या जागीं शेती आल्यानें झाडांवाटे हवेंत जाणारी वाफ कमी झाली, व गंगेच्या खोऱ्यांत आणि ईशान्येकडे मोसमी पाऊस घटण्यास तें अंशतः कारण झालें. म्हणजे वॉकरनें निकालांत काढलेला दावा शंभर वर्षांनीं पुन्हां दाखल झाला आहे. ब्लॅनफर्ड ह्यानें निर्दोष ठरतो असें नव्हे; मध्यप्रांतांतील त्याचे आंकडे त्याचें म्हणणें सिद्ध करीत नव्हते, आजहि करीत नाहींत. त्याचा प्रश्न मात्र चुकीचा नव्हता.

वेधशाळांपूर्वींच्या काळासाठीं आपल्या दफ्तरांकडे वळावें लागतें. डेव्हिड नॅश व जॉर्ज अ‍ॅडॅमसन ह्यांनीं २०१४ सालीं पश्चिम हिंदुस्थानच्या १७८१ ते १८६० ह्या काळांतील पावसाची मालिका जुन्या कागदांवरून जुळविली. त्यांचीं साधनें प्रामुख्यानें इंग्रजी आहेत. मराठी कागदांचा उपयोग व्हावयाचा तर त्यांचे दोष अगोदर ओळखले पाहिजेत. १७९१-९२ चा कवटीचा दुष्काळ अवर्षणाचा होता, व तो एल निनोच्या एका मोठ्या फेऱ्याशीं जुळतो; परंतु १८०३-०४ च्या दुष्काळांत पावसाइतकाच होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या लुटीचा भाग होता. महसुलांत सूट दिल्याचा कागद मिळाला म्हणजे पाऊस पडला नाहीं असें धरून चालणें धोक्याचें. पंचांगांतील संवत्सरफलांत पर्जन्याचे जे आढक दिलेले असतात, ते गणितानें अगोदर काढलेले. त्यांस पुरावा म्हणून दमडीची किंमत नाहीं, हें सांगावें लागूं नये, पण तसा उपयोग केलेला आढळतो.

नक्षत्रांचा घोटाळा ह्याहून सूक्ष्म आहे. मृगाचा पाऊस अमक्या चरणांत लागला, असे उल्लेख पत्रांत येतात. सूर्याचा मृगप्रवेश आज जूनच्या ७-८ तारखेस होतो. परंतु पंचांगाचें नाक्षत्र वर्ष ऋतूंच्या वर्षाहून किंचित् मोठें असल्यानें हा प्रवेश ६० ते ७० वर्षांत एक दिवस पुढें सरकतो. १६३० च्या महादुष्काळांतील मृग आजच्या तारखांप्रमाणें जूनच्या आरंभींच लागत होता; ऋतुमानाच्या त्याच दिवसास आज आपण रोहिणींत गणतों. तेव्हां शिवपूर्वकालीन पत्रांतील मृगारंभीचा पाऊस व आजचा रोहिणीच्या अखेरचा पाऊस हे ऋतूच्या एकाच दिवशीं पडलेले असूं शकतात. जुन्या इंग्रजी कागदांतील तारखा १७५२ पूर्वींच्या असल्यास जुन्या व नव्या गणनेंतील १०-११ दिवसांचा फरक त्यांत निराळा मिळवावा लागतो. हा हिशोब न करितां पाऊस लवकर किंवा उशिरां येऊं लागला असें ठरविणें व्यर्थ होय.

ज्यांच्या संग्रहीं नागपूर, सावनेर, केळोद, खापा, रामटेक ह्या भागांतील वह्या व पत्रें असतील त्यांस विनंति अशी, कीं पत्र छापतांना पाऊसपाण्याच्या ओळी किरकोळ म्हणून गाळूं नयेत. तिथि, वार व नक्षत्र मूळांत असेल तसें ठेवून इंग्रजी तारीख कंसांत द्यावी. पेरणीची तिथि, नदीस पूर आल्याची तिथि, विहीर आटल्याची किंवा खोदल्याची नोंद, आणि धान्याचे व सरकीचे भाव ज्या पानावर असतील त्या पानाचा आंकडा व वहीचें साल टिपून ठेवावें. आणि त्याच वर्षीं मुलखांत स्वारी, लूट किंवा साथ असल्यास तीहि शेजारीं लिहावी.